लखनचा रोजचा मेसेज

कळसाडीत नर्मदाबाईंच्या ओट्यावर रोज सकाळी पाय ठेवायला जागा नसे. छगनबाबा डोळे पांढरे करून घुमायचा, "ये लखन, ये! माय वाट दखी ऱ्हायनी!" आणि खरोखरच मोबाईल वाजायचा. 'आई, औषध घे. लखन.' गर्दी हात जोडायची. त्यांचा मुलगा लखन तर दिवाळीआधीच धडगावच्या घाटात जीप उलटून गेला होता.

बाबा लगेच अंगाऱ्याची पुडी सोडायचा. "पोऱ्या सांगस ते औसद हाईच शे. डॉक्टरन्या गोळ्या फेकी दे!" नर्मदाबाईंची साखर वाढत होती, पायाची जखम काळी पडत होती, तरी त्या अंगारा चाटत राहिल्या. नैवेद्याचे पेढे बाबा एकटाच उडवायचा.

नर्मदाबाईंची लेक काजल लखनच्याच जागी केळी सोसायटीत लागली होती. सभासदांना केळीच्या बाजारभावाचे मेसेज तिथल्या सर्व्हरवरून जात, आणि आईचा मेसेजही त्याच नंबरवरून येत होता. काजलने सर्व्हरचा लॉग उघडला. कोण आत आलं, कुठून आलं, काय केलं, सगळं त्यात उमटतं. रोज सकाळी एकच नाव होतं, लखन. बाबाला हसणारी ती, पण क्षणभर वाटलं, देवा, मी खोटी ठरू दे.

तिने ओळ पुढे वाचली. बाहेरून कुणीही आलं नव्हतं. आई गोळ्या विसरते म्हणून लखनने जिवंतपणीच लावून ठेवलेलं काम सर्व्हर ठरल्या वेळी, त्याच्या नावाने करत होता. काजल टेबलावर डोकं टेकून रडली. मग तिने मेसेजची वेळ जरा पुढे ढकलली.

दुसऱ्या सकाळी बाबाचा ओरडून घसा बसला. मोबाईल गप्प.

"लखन रुसना शे," बाबा घाम पुसत म्हणाला.

"बाबा, आते चूप बसा," काजल म्हणाली. "तरी बी मोबाईल वाजी."

बाबाच्या तोंडात पेढा होता, तेव्हाच मोबाईल वाजला. काजलने सगळं उलगडून सांगितलं: मेसेज लखनने आधीच लावलेला, बाबा फक्त ती वेळ गाठून घुमायचा. बाबाने काढता पाय घेतला.

"मंग मन्हा लखन येस नही?" नर्मदाबाईंनी विचारलं.

"नही, माय. तो गया."

पुढे इस्पितळात त्यांच्या पायाचा अंगठा कापावा लागला, पाय वाचला. मोबाईल वाजला की हात जोडण्याआधी कुणी एकाने जरी विचारलं असतं, हे कुठून येतंय, तर अंगठाही वाचला असता. एवढं तरी विचारत जा.

"मेसेज बंद करशी का?" त्यांनी खाटेवरून विचारलं.

"नही, माय."

सकाळी मोबाईल वाजला. नर्मदाबाईंनी डॉक्टरची गोळी घेतली आणि पदरात तोंड खुपसून रडल्या.