दोन दातांमधला सूर

दाती तृण धरून लोक शरण येतात म्हणे. मित्रांनो, मीही तृणच आहे, ओढ्याकाठी वाढलेला बोरू. आणि एक माणूस उभा जन्म मला दाती धरत आला. पण शरण तो नव्हता, मीच त्याला शरण होतो. मी इस्फहानमधला एक जुना पावा आणि तो माणूस म्हणजे हशमतआगा.

मला कापले, सावलीत वाळवले, तापल्या सळईने भोके पाडली आणि तोंडाशी पितळेची कडी बसवली. हशमतआगांनी मला विकत घेतले तेव्हा त्यांना नुकते मिसरूड फुटत होते. इतर मुलखांत पावा ओठांनी वाजवत असतील. आमच्याकडे तो वरच्या दोन दातांच्या फटीत टेकवून, जीभ उचलून फुंकतात. माझा सूर माझ्यात कमी आणि वाजवणाऱ्याच्या तोंडात जास्त घडतो.

मैफलींत लोक डोळे पुसत, तेव्हा मी फुशारून जाई. पण माझी खरी कमाई संध्याकाळची. लग्न झाले तेव्हा हशमतआगांनी बायकोसाठी, तूबाखानमसाठी, एक धून बांधली होती. ती अंगणात डाळिंबाखाली भाजी निवडत बसे आणि हशमतआगा तिच्यासमोर ती धून वाजवत. एकही संध्याकाळ चुकली नाही.

मला एक सवत मात्र होती, साखरेचा खडा. आमच्याकडे साखर चहात ढवळत नाहीत. खडा दातांत धरतात आणि त्यावरून कडक चहाचे घोट घेतात. मी त्या दातांत घटकाभर असे, ती दिवसभर. दिसायला पांढरीशुभ्र, वागायला गोडगोड! मी तिच्यावर जळत असे, पण ती काय करते आहे हे मलाही कळले नाही.

मग पितळेच्या कडीवर रक्ताचा लालसर डाग दिसू लागला. हशमतआगा तो बाहीने पुसून टाकत. पुढे ते एकाच बाजूने चावू लागले, भाकरीचा कडक काठ सोडू लागले, हसताना तोंडावर हात धरू लागले. लेक मेहरंगीझ माहेरी आली, तिने हे पाहिले.

"बाबा, दाताच्या डॉक्टरकडे चला."

"अगं, वय झालं की दात जायचेच. शेजारच्या बाकरच्या तोंडात बघ, नुसतं मैदान झालंय! हसला की कसा गोड दिसतो."

"बाकरआगांना पावा वाजवायचाय का?" तूबाखानमने विचारले.

"तू गप. दुखतंय कुठे मला?"

चहाच्या दुकानापुढे बसणाऱ्या सगळ्या म्हाताऱ्यांची हीच गत होती. कुणाची दाढ गेलेली, कुणाच्या हिरड्या सुजलेल्या, कुणी पाव चहात बुडवूनच गिळणारा. एकमेकांच्या बोळक्यांची थट्टा करत सगळे पुन्हा साखरेचा खडा तोंडात टाकत. सगळ्यांचेच असे होते, म्हणून तो आजार आहे असे कुणालाच वाटले नाही. याचेच मला फार वाईट वाटते.

अखेर दात हलू लागले, सूर थरथरू लागला, तेव्हा ते दवाखान्यात गेले. मी कोटाच्या खिशात होतो. तरुण डॉक्टरीणबाईंनी दात पाहिले आणि त्या हळूच म्हणाल्या, "आजोबा, हिरड्यांतून रक्त यायचं तेव्हाच यायला हवं होतं. हे पुढचे दात आता वाचत नाहीत. कवळी बसवू, जेवता येईल."

हशमतआगांनी मला खिशातून काढून त्यांच्यापुढे धरले. "आणि हा कुठे धरू?"

बाईंनी मला हातात घेऊन उलटसुलट पाहिले आणि परत त्यांच्या हाती दिले.

कवळी आली. भाकरीचा काठ पुन्हा चावता येऊ लागला, घरात आनंद झाला. संध्याकाळी त्यांनी मला नव्या दातांत टेकवले. फुंकर मारताच कवळी सुटली आणि माझ्यासकट सतरंजीवर पडली. त्यांनी ती बसवली, पुन्हा फुंकले. नुसती हवा आली. मी आतून जीव तोडून प्रयत्न केला, पण सूर निघेना. समोर तूबाखानम डोळे मिटून मान डोलावत होती.

"कशाला खोटं डोलतेस? काय ऐकू येतंय तुला?" हशमतआगा चिडले.

तिने डोळे उघडले नाहीत. "तुम्ही थांबू नका. तुम्ही नुसते फुंका, बाकीचं मी ऐकते."

ते फुंकत राहिले. डोळ्यांतले पाणी माझ्या भोकांवर उतरत होते आणि त्यांवर बोटे मात्र जागच्या जागी, अचूक पडत होती.

मित्रांनो, मी कुठे तडकलेलो नाही. उद्या दुसऱ्या कुणी दातांत धरले, तर मी वाजेनही. पण ती धून त्याला कोण शिकवणार? म्हणून एवढेच मागतो. तुमच्या घरातल्या म्हाताऱ्या माणसांपाशी बसा, त्यांना तोंड उघडून दाखवायला सांगा. ताटात काय उरते तेही पाहा. आणि ती माणसे "मला कुठे दुखतंय?" म्हणाली, तर त्याच दिवशी हात धरून त्यांना डॉक्टरकडे घेऊन जा.