आईच्या विमानाचे पॉइंट

माझा भाऊ सूर्यकांत मूर्ख नाही, हे आधीच सांगते. मूर्ख असता तर मी इतकी चिडले नसते. एचएसआर लेआउटमधल्या एका कंपनीच्या ऑफिसची देखभाल तो बघतो, तीन भाषांत भांडतो आणि भाजीवाल्याकडून फुकटची कोथिंबीर घेतल्याशिवाय जागचा हलत नाही. त्या फुकटाच्या नादानंच त्यानं आम्हाला बुडवलं. आणि त्या नादाला घरात सगळ्यांत आधी मान डोलावली ती मी.

चार वर्षांपूर्वी एका बँकेनं त्याला सोनेरी क्रेडिट कार्ड दिलं. शंभर रुपये खर्च केले की चार पॉइंट, आणि पॉइंट साठले की विमानाचं तिकीट. त्याच महिन्यात आईला काचबिंदू निघाला होता. डॉक्टर म्हणाले, थेंब घालत राहा, पण गेलेली नजर परत येणार नाही आणि उरलेली फार वर्षं पुरणार नाही. आमची आई अंबुबाई तेव्हा चौऱ्याहत्तर वर्षांची होती. पूर्वी आमचं घर जुन्या विमानतळाजवळ होतं आणि विमानं गच्चीवरून इतकी खालून जायची की आई त्यांच्या वेळेवर कुकर लावायची. पुढे विमानतळ शहराबाहेर गेला, आम्ही जयनगरला भाड्यानं आलो, पण विमानात बसायचं तिचं राहूनच गेलं. काशीला जायचं असं ती लोकांना सांगायची. मला खरं सांगितलं होतं, की ढग वरून कसे दिसतात ते तिला एकदा बघायचंय.

सूर्यानं जेवताना जाहीर केलं, की आईचे डोळे आहेत तोवर कार्डाच्या पॉइंटांवर तिला काशीला नेणार. सोबत मी जायचं, कारण ती एकटी कशी जाईल.

मग मीच नातेवाइकांत सांगत सुटले. कुणाकडे लग्न निघालं की हॉल, साड्या, आचारी, सगळं सूर्याच्या कार्डावर घ्या आणि त्याला रोख द्या. तुमचे पैसे तेवढेच जातील आणि आमच्या आईला पॉइंट मिळतील. आमची माणसं साडेतीनशे वर्षांपूर्वी घोड्यांवरून या कानडी मुलखातल्या गावात आली म्हणतात. आता सगळ्या गावभर पसरलीत, पण लग्नाकार्याला एकमेकांचं ऐकतात. कुणी नाही म्हटलं नाही. आनेकलच्या चुलतभावानं तर मुलीच्या लग्नाचा आचारीसुद्धा कार्ड घेणारा शोधला.

मी सत्तावीस वर्षं सिटी बसवर कंडक्टर होते. ड्यूटीवर चढताना आम्हाला स्वतःच्या खिशातले पैसे आधी लिहून द्यावे लागतात. पन्नास असतील तर पन्नास. म्हणजे बॅगेतले पैसे लोकांचे आणि खिशातले आपले, यात घोळ होत नाही. ही साधी गोष्ट मी सूर्याला शिकवायला हवी होती. लग्नघरातून रोख येई ती एकरकमी नसे. कुणी आज दहा हजार देई, कुणी पुढच्या आठवड्यात सात. ते पैसे त्याच्या खिशात जात आणि मुलाच्या फीमध्ये, स्कूटरमध्ये, आईच्या थेंबांमध्ये विरघळत. बिलावर ‘कमीत कमी एवढे भरा’ म्हणून एक आकडा असायचा. तेवढे तो भरायचा आणि आपण वेळेवर भरतो म्हणून छाती काढून फिरायचा. बँकही खूश होती. तिनं त्याची मर्यादा दीड लाखावरून साडेचार लाखांवर नेली, न मागता. सूर्यानं त्या दिवशी म्हैसूर पाक आणला होता आणि मी दोन वड्या खाल्ल्या.

दुसऱ्या वर्षी एका माणसाच्या तिकिटापुरते पॉइंट झाले. मी म्हटलं, माझं राहू दे, तूच आईला घेऊन जा, तुझं तिकीट पैशांनी काढ. तो म्हणाला, थोडं थांबू, दोन्ही फुकट होतील. आई म्हणाली, थांबू या की. तेव्हा तिला समोरचं माणूस अजून स्पष्ट दिसत होतं.

यंदा संक्रांतीनंतर एका संध्याकाळी तो माझ्या खोलीत आला आणि कागद माझ्यापुढे ठेवून भिंतीकडे बघत उभा राहिला. सहा लाख चाळीस हजार. आठ महिन्यांपासून ‘कमीत कमी’सुद्धा भरणं थांबलं होतं.

“अक्का, मी दर महिन्याला भरत होतो गं,” तो म्हणाला. “तीन वर्षं भरत होतो.”

मी चष्मा लावून तो कागद शेवटपर्यंत वाचला. महिन्याला शेकडा पावणेचार रुपये व्याज होतं, आणि त्या व्याजावर पुन्हा कर. पॉइंट होते सेहेचाळीस हजार. एका पॉइंटचे पंचवीस पैसे, म्हणजे सगळे मिळून साडेअकरा हजार रुपये. आणि साडेचार लाखांवर नुसतं व्याज महिन्याला सतरा हजार. दर महिन्याला आईचं एक तिकीट आणि वर वाटेतल्या खाण्याचे पैसे आम्ही त्या बँकेला देत होतो, आईला फुकट नेता यावं म्हणून. मला इतका राग आला की मी त्याला मारायला हात उचलला. पन्नाशीच्या माणसावर हात उचललेला बघून माझीच मला लाज वाटली आणि मी पाणी प्यायला उठले.

रात्रंदिवस फोन येत होते, म्हणून त्यानं आपला फोन बंद ठेवला होता. घरात एक आईचाच फोन वाजायचा, दुपारी चार वाजता. कुणीतरी पोरगी तिच्याशी मराठीत बोलायची. आई दार लोटून घेई आणि अर्धा अर्धा तास हसत असे. मी विचारलं, तर पुण्याची आहे, एवढंच म्हणाली. मला वाटलं, कुठल्या तरी मंडळाची असेल. आमची मराठी घराबाहेर कुणी ऐकत नाही. एचएसआरमधली नवी मराठी माणसं आम्हाला बोलताना ऐकून गालात हसतात, कारण आमच्या वाक्यात मध्येच ‘थोडं’ऐवजी कानडी स्वल्प येतं, ‘बरं’ऐवजी सरी येतं. आईशी कुणी एवढं मराठी बोलतंय तर तिचं मन रमू दे, असं मी म्हटलं आणि त्या फोनकडे दुर्लक्ष केलं.

हिशेब मिटवायचं मी ठरवलं. निवृत्तीच्या पैशांतले चार लाख दहा हजार मी ठेवीत ठेवले होते. त्यावर मी म्हातारपण काढणार होते. सूर्या म्हणाला, “खातं मिटलं की थकबाकीपायी अडकलेले पॉइंट सुटतील. आईचं तिकीट तरी निघेल.” खरं सांगते, ठेव मोडली ती त्याच्यासाठी नाही, त्या तिकिटासाठी. आईला आता मधोमध तेवढं दिसत होतं. ताटातला भात दिसे आणि शेजारची आमटी दिसत नसे.

वसुलीच्या माणसाशी मी स्वतः बोलले. त्यानं साडेपाच लाखांपासून सुरुवात केली, मी तीनपासून. सत्तावीस वर्षं सुट्ट्या पैशांवरून भांडलेली बाई मी, सोडते कशी! तो पाचवर आला, मी साडेतीनवर गेले. दोन दिवसांनी तो चार लाख दहा हजारांवर थांबला. म्हणाला, याच्या खाली एक रुपया नाही. बरोबर माझ्याकडे होते तेवढेच. मला वाटलं, देवच पावला. घरी येऊन मी सूर्याला घासाघीस कशी करतात ते ऐकवलं आणि त्या रात्री खूप दिवसांनी शांत झोपले.

पैसे भरल्यावर आठ दिवसांनी बँकेचं पत्र आलं. पूर्ण रक्कम न भरता तडजोडीनं खातं बंद झाल्यामुळे शिल्लक पॉइंट रद्द करण्यात आले आहेत, असं शेवटून दुसऱ्या ओळीत होतं. सूर्या ती ओळ परत परत वाचत बसला. मी उठून आईच्या खोलीत गेले.

चार वाजले होते. आई फोन मांडीवर घेऊन पलंगावर बसली होती. तिच्या पायाशी काशीची पिशवी होती. दोन लुगडी आणि डोळ्यांचे थेंब तिनं कधीच भरून ठेवले होते.

“सौम्याचा फोन नाही आला गं,” ती म्हणाली. “आठ दिवस झाले.”

कोण सौम्या, मी विचारलं.

“ती पुण्याची. कार्डाच्या ऑफिसातली. लई गोड पोरगी, आजी आजी करते. माझी मराठी तिला ऐकावीशी वाटते म्हणाली. आधी सूर्याला विचारायची, मग माझ्याशी बोलायची. घरात कोण कोण, कुणाचं कसं चाललंय. मी म्हटलं, सूर्याकडं काही नाही बाई, पण माझी विद्या कंडक्टर होती, तिनं चार लाख दहा हजार राखून ठेवलेत. सरी आजी, म्हणाली, तेवढ्यात मिटतंय का बघते. बघ, तिनंच मिटवलं.”

सत्तावीस वर्षं माझ्या खिशातले पैसे मी स्वतःच्या हातानं लिहून देत होते. या वेळी ते आईनं लिहून दिले होते. तिच्यावर रागवावं असं मनात आलं. पण चार वर्षांत तिच्याशी रोज अर्धा तास बोलायला आमच्यापैकी कुणाला वेळ झाला होता?

“तू तिला फोन लाव,” आई म्हणाली. “सांग, विद्यानं सगळं भरलं. पोरीला बरं वाटेल.”

मी त्या नंबरवर फोन लावला. एका पुरुषानं हिंदीत खात्याचा नंबर विचारला. मी सांगितला. काही क्षणांनी तो म्हणाला की हे खातं बंद आहे, आणि त्यानं फोन ठेवला.

“काय म्हणाली?” आईनं विचारलं. तिचं तोंड माझ्याकडे नव्हतं, कपाटाकडे होतं.

“बरं वाटलं म्हणाली,” मी सांगितलं.

आईनं समाधानानं मान हलवली. मग खाली वाकून पिशवी चाचपली आणि विचारलं, स्वेटर घालू का यात, ढगांच्या वर थंडी असेल ना.