पाहुणीचं भाडं देवळाच्या खात्यात

आमच्या पालीत, समुद्राकाठच्या या कोळीवाड्यात, वरची खोली पाहुण्यांना द्यायची, ही टूम माझी. मी हाटकेशची, लग्न करून इथं आले. खिडकीतून समुद्र दिसला की लोक पैसे मोजतात, एवढी अक्कल माहेराहून आणली होती. सासरे आत्माराम, आमचे बाबा, आधी नको म्हणाले, मग त्यांनी स्वतःच खिडकीला रंग दिला.

एक जर्मन बाई महिनाभर राहिली. निघताना तिचं कार्ड घ्यायला माझ्याकडे मशीन नाही आणि माझा क्यूआर तिच्या फोनवर चालेना. म्हणाली, घरी पोचले की पाठवते, खातं सांग. माझं आणि माझ्या नवऱ्याचं खातं पतपेढीत. तिथं परदेशातले पैसे येत नाहीत. मोठ्या बँकेत खातं एकच, देवळाचं. बाबा देवळाचे खजिनदार, बावीस वर्षं ते त्यांच्याच सहीनं चालत होतं.

"त्याच खात्यात मागव," बाबा म्हणाले. "आलं की गावाला सांगून काढू. देवीला आपलं पैसं काय जड हायेत?"

पालीत हे नवीन नव्हतं. कुणाच्या मुलीची फी, कुणाचा विम्याचा चेक बाबांनी त्याच खात्यातून फिरवला होता, आणि कधी रुपया इकडचा तिकडे झाला नव्हता. निदान मला तरी शंका यायला हवी होती. आली नाही. खात्याचा नंबर मीच टाइप करून पाठवला.

बासष्ट हजार आले. तिसऱ्या दिवशी बँकेनं खातं गोठवलं. देवस्थानाला परदेशातून देणगी आणि सरकारची परवानगी नाही, असं त्यांचं म्हणणं. देणगी नाही हो, खोलीचं भाडं आहे, असं सांगून सांगून माझा घसा बसला. बँकेतले साहेब म्हणाले, "मग भाडं देवळाच्या खात्यात कसं?"

त्या खात्यात गावाचे अकरा लाख होते. प्रत्येक होडीनं एकेका फेरीची मासळी देवीच्या नावानं विकून सभामंडपासाठी जमवलेले. खांब उभे राहिले होते. ठेकेदार माणसं घेऊन निघून गेला.

गावाची बैठक झाली. कुणी चोर म्हटलं नाही. म्हटलं असतं तर बाबा भांडले तरी असते. त्यांच्या बरोबरीचे महिपत खाली बघत म्हणाले, "आत्माराम, तू आता ऱ्हाऊ दे." बाबांनी चेकबुक आणि शिक्का पुढे ठेवला आणि घरी आले. मला एका शब्दानं बोलले नाहीत. ताट वाढताना माझीच मान वर होत नाही.

त्यांच्या जागी गावानं यतीनला नेमलं. तो ठराव घेऊन बँकेत गेला, तर गोठवलेल्या खात्यावर सही बदलत नाही म्हणे. चौकशी संपेपर्यंत बाबांचीच सही. चौकशी कधी संपेल? साहेबांनी पंख्याकडे बघितलं. याला आता आठ महिने झाले.

म्हणून दर सोमवारी बाबा इस्त्रीचा शर्ट घालून यतीनच्या स्कूटरवर मागे बसतात. गल्लीतून जाताना ओट्यावरच्या बायका गप्प होतात. बँकेत खातं मोकळं करायचा अर्ज तोच असतो, तारीख नवी.

परवा मीही गेले होते. शिपायानं खुर्ची पुढे ओढली आणि म्हणाला, "बसा, खजिनदारसाहेब."

बाबा बसले. आठ महिन्यांत पहिल्यांदा मी त्यांची पाठ ताठ बघितली. आमच्या चुकीपायी सगळ्या गावाचे पैसे अडकलेत, सगळं कळतं मला. तरी त्या घडीला मला वाटलं, ही चौकशी कधी संपूच नये.