एका बाईसाठी एवढा धूर

गल्लीत तिला सगळे सिस्टर म्हणत. हॉस्पिटलातून निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली होती, पण कुणाचं बोट कापलं, कुणाचं पोर तापलं, की आधी सिस्टरचं दार वाजायचं. दुसऱ्याच्या शरीराचा तिला कधी संकोच वाटला नाही. खाटेवर लघवीचं भांडं घ्यायला लाजणाऱ्या भल्या भल्या पुरुषांना तिनं दटावलं होतं, "लाजताय काय? शरीर आहे, चालायचंच." स्वतःचं शरीर कुरकुरायला लागल्यावर मात्र तीच सिस्टर तोंडाला कुलूप लावून बसली. असली माणसं अशीच असतात. जगाला शहाणपण वाटून वाटून त्यांच्याकडचं संपून जातं.

तिची मुलगी आणि मुलगा दोघंही दूरच्या एका शहरात राहत. मुलगी थोरली, आणि घरात तिचाच शब्द चाले. तिनं सणाचे नियम घालून दिले होते. नवीन काही विकत आणायचं नाही, भेटी द्यायच्या त्या घरातल्याच वस्तूंच्या, जुन्या कापडात बांधून. सजावट वाळक्या पानांची. प्लास्टिकचा चमचासुद्धा दारात यायचा नाही. आणि प्रवास शक्य तेवढा कमी. तिकडे माणसं आठ, इकडे आई एकटी. आठ जणांनी गाड्या काढून येण्यापेक्षा एकट्या आईनं बसनं जावं, हा हिशेब कुणीही केला तरी तसाच आला असता. सिस्टरला लेकीचा अभिमानही होता. लोक नुसते बोलतात, आपली पोरगी करून दाखवते, असं ती गल्लीत सांगायची.

म्हणून दर वर्षी सणाला तीच जायची. गावात रेल्वे नव्हती. बस सकाळी निघायची ती अंधार पडता पडता पोचायची, आणि मध्ये धड थांबायची ती एकदाच. गेली काही वर्षं सिस्टर आदल्या दुपारपासून पाणी पिणं तोडायची. बसमध्ये ओठ सुकून जायचे, डोकं दुखायचं, तरी धास्ती असायचीच, की आता काय होईल, कुठे होईल. मागच्या वर्षी तर व्हायचं ते झालंच. साडी काळी होती म्हणून निभावलं. मुलीच्या घरी पोचल्या पोचल्या ती न्हाणीघरात शिरली आणि दार लावून स्वतःची साडी स्वतः धुतली. बाहेर सगळे कौतुक करत होते, की आईला स्वच्छतेची किती हौस!

या वर्षी डॉक्टरांनी तिला स्पष्ट सांगितलं. पाणी तोडायचं नाही, धरून ठेवायचं नाही, मूत्रपिंडावर परिणाम दिसतोय. लांबचा प्रवास नकोच. "तुम्हाला मी काय सांगणार, सिस्टर?" असंही ते वर म्हणाले.

घरी येऊन तिनं विचार केला. आपण गेलो नाही तर मुलं येतील. यायलाच हवीत. मुलांचे वडील गेल्यापासून या घरात सणाच्या दिवशी कुलूपच असे. दोन खोल्यांत आठ माणसं म्हणजे दाटीवाटी होईल, कुणाचे पाय कुणाच्या डोक्याशी जातील, पोरं रात्रभर खिदळतील, आणि आपण मध्येच उठून ओरडू. तिला हे एवढं हवंसं झालं की जीव नुसता टांगणीला लागला.

आता हे सरळ सांगायचं की नाही? "बाळ, मला बस झेपत नाही, तुम्ही या." एवढ्या सात शब्दांत काम झालं असतं. पण मुलगी विचारणार, का झेपत नाही? मग जावई ऐकणार, सून ऐकणार. त्यापेक्षा तिनं एक शक्कल लढवली. लेकीला जी भाषा आवडते त्याच भाषेत बोलावं, म्हणजे तिच्या काळजाला हात लागेल, असं तिला वाटलं.

"या वर्षी मी येत नाही गं," ती फोनवर म्हणाली.

"का? बरं नाही का?"

"मला काय धाड भरलीय? बसमागून तो काळा लोट निघतो ना, तो बघवत नाही मला. एका बाईसाठी एवढा धूर! पटत नाही मनाला."

सिस्टर वाट बघत होती. आता लेक म्हणेल, मग आम्हीच येतो.

"आई," मुलीचा आवाज भरून आला होता, "तू तर आमच्याही पुढे गेलीस. मी विचार करते आणि उद्या कळवते हं."

दुसऱ्या दिवशी सिस्टरनं पडदे धुतले. माळ्यावरच्या गाद्या शेजाऱ्याकडून खाली काढून घेतल्या आणि गच्चीत उन्हाला टाकल्या. त्या उलट्या करत असतानाच फोन आला.

"ठरलं!" मुलगी म्हणाली. "या वर्षी कुणीच कुठे जायचं नाही. तू तिकडे, आम्ही इकडे, मध्ये फोन. तुझ्या एकटीच्या जाण्यायेण्याचा तुला एवढा विचार पडतो, तर आम्ही आठ जणांनी कुठल्या तोंडानं हलायचं? धाकट्यालाही पटलंय."

स्वतःच्या हातानं पायावर धोंडा पाडून घेणं म्हणतात ते हेच. सिस्टरला म्हणायचं होतं, अगं वेडे, तसं नव्हे. पण ती म्हणाली, "छान. छान झालं." आणि गाद्या पुन्हा माळ्यावर कोण चढवणार, याची चिंता करत बसली.

सणाच्या दिवशी दुपारी तिनं चांगली साडी नेसून फोन टेबलावर उभा केला. तिकडे त्यांनीही मेजाच्या टोकाला एका खुर्चीत उशी ठेवून, तिच्यावर फोन टेकवून आईला 'बसवलं' होतं. सिस्टरला बहुतेक वेळ छतच दिसत होतं, मधूनच कुणाची तरी हनुवटी. जावयांनी मित्रांनाही बोलावलं होतं. मुलगी उभी राहिली आणि तिनं सगळ्यांना आईचं ते वाक्य ऐकवलं. एका बाईसाठी एवढा धूर! टाळ्या पडल्या. कुणीतरी म्हणालं, या वयात असा विचार करायचा म्हणजे कमालच. सिस्टरनं छताकडे बघून हात जोडले. मग जेवणं सुरू झाली, भांड्यांचा आवाज मोठा झाला, आणि तिच्याशी बोलायचं हळूहळू सगळ्यांच्या लक्षातून गेलं. थोड्या वेळानं तिनंच फोन बंद केला.

तासाभरानं मुलाचा फोन आला. तो भांडी पुसता पुसता गॅलरीत आला होता. मुलगा मुळात कमी बोलणारा, पण आज जेवण अंगावर आलं होतं आणि मूड होता.

"आई, एक गंमत सांगू? तू फोन केलास ना, त्याच्या आधीच आम्ही तुझ्याकडे यायचं ठरवलं होतं."

"म्हणजे?"

"विजेवर चालणारी मोठी गाडी मिळत होती भाड्यानं. आठही जण एकाच गाडीत, म्हणजे ताईचाही हिशेब बसत होता. तुला सांगायचं नाही, एकदम दारात उभं राहायचं, असा बेत होता. पोरांनी तर झोपायच्या जागाही वाटून घेतल्या होत्या. मग तुझा फोन आला. ताई म्हणाली, आईनं एवढं ठरवलंय तर आपण तिला तोंडघशी पाडायचं नाही. गाडी रद्द केली. पोरं रडली जरा, पण त्यांना समजावलं, आजीलाच नको आहे म्हणून."

सिस्टर म्हणाली, "आला असतात तर बरं वाटलं असतं रे मला."

"हे बघ, आता माझं मन राखायला बोलू नकोस," मुलगा हसला. "तुला ओळखत नाही का मी? एकदा मनात घेतलंस की घेतलंस."

"नाही रे, खरंच—"

"आलो, आलो!" तो आत कुणाला तरी ओरडला. "आई, ठेवतो. ताटं पुसायचीत अजून."

फोन बंद झाला. तिला परत लावता आला असता, नंबर समोरच होता. पण मग सगळं पहिल्यापासून सांगावं लागलं असतं. बसचं, साडीचं, डॉक्टरांचं, आणि धुराचं आपण खोटंच बोललो होतो, हेही. आणि तिकडे तर तिच्या नावानं टाळ्या वाजवून मंडळी नुकतीच जेवून उठली होती.

सिस्टर पलंगाच्या कडेवर बसली आणि मोठ्यानं रडली. आजूबाजूची सगळी घरं सणासाठी आपापल्या माणसांकडे गेली होती, त्यामुळे आवाज दाबायचं काही कारण नव्हतं.