वैष्णवीच्या पायाखालची फळी

टाळी वाजली आणि वैष्णवी गर्रकन वळली. कसबा पेठेतल्या त्या मंगल कार्यालयात जो जयघोष उठला तो काही विचारू नका. सात वर्षांची जन्मबहिरी पोर, महाराजांनी पाठीमागून टाळी वाजवली तर मागे बघते! बायकांनी डोळे पुसले, पुरुषांनी मोबाइल उंचावले. एरवी पुण्यात कोणी कोणाचं ऐकून घेत नाही, पण बहिरीला ऐकू आलं म्हटल्यावर सगळे पार विरघळले.

भाग्यश्री तेवढी कोपऱ्यात ओठ आवळून उभी होती. कार्यक्रम तिनेच भरवला होता. तांबट आळीत एका दुकानाच्या माळ्यावर ती बहिऱ्या मुलांचा वर्ग चालवायची. मुलांना नवी कानयंत्रं हवी होती, म्हणून वर्षभर दारोदार फिरली. कोणी रद्दी देऊ केली, कोणी वाढदिवसाचा उरलेला केक, बाकीच्यांनी शुभेच्छा. शेवटी कात्रजचे बिल्डर सुदर्शनशेठ तयार झाले. सगळ्या मुलांना यंत्रं देतो म्हणाले, पण आमच्या कर्णानंद महाराजांच्या हस्तेच. भाग्यश्रीने नाक मुरडलं आणि हो म्हटलं. महाराज वर्गही बघून गेले.

"ध्वनी कानात नसतो, आत्म्यात असतो," महाराज मंचावरून सांगत होते. "मी फक्त अडसर काढतो." अडसर म्हणजे वैष्णवीच्या कानातलं जुनं यंत्र! टाळीच्या आधीच त्यांनी ते तिच्या आईला, जयाला, तीर्थाच्या तांब्यात सोडायला लावलं होतं. जयाने चार घरची धुणीभांडी करून घेतलेलं यंत्र. त्याच्या जोरावर पोरीला स्वारगेटच्या चौकात बसचा हॉर्न तरी कळायचा. भाग्यश्री धावत पुढे येईपर्यंत ते बुडालंही होतं.

आता शेठ उठले. महाराज असताना यंत्रं कशाला, तो सगळा निधी आश्रमाला देतो, असं त्यांनी जाहीर केलं. कॅमेऱ्यांसाठी महाराजांनी पुन्हा टाळी वाजवली. सगळे त्यांच्या हातांकडे बघत होते, भाग्यश्रीने पायांकडे पाहिलं. टाळीबरोबर टाच लाकडी मंचावर आपटत होती. पोर अनवाणी, कारण महाराजांसमोर चपला चालत नाहीत.

अहो, ही तर भाग्यश्रीचीच रीत! तिच्या वर्गाची जमीन फळ्यांची. मुलांना बोलवायचं तर ती पाय आपटायची, हादरा तळपायांना कळला की मुलं वळायची. देणगीच्या आशेने तिनेच हे महाराजांना कौतुकाने करून दाखवलं होतं.

ती मंचावर चढली, वैष्णवीला उचलून खाली दगडी फरशीवर पाठमोरी उभी केली आणि म्हणाली, "महाराज, आता वाजवा."

महाराजांनी वाजवली. पोर पंख्याकडे बघत राहिली. तळहात लाल होईपर्यंत वाजवली, तरी पोर पंख्याकडेच. मग भाग्यश्रीने तिला परत मंचावर ठेवलं आणि हात मागे बांधून नुसती टाच आपटली. वैष्णवी वळली आणि वर्गात हसते तशी हसली.

"तिला ऐकू आलेलं नाही," भाग्यश्री म्हणाली. "तिच्या पायांना कळलंय."

लोक महाराजांना जाब विचारतील, असं तिला वाटलं होतं. छे! महाराज अश्रद्धेची सावली पडली म्हणत गाडीत जाऊन बसले. जिथे गुरूंचा अपमान होतो तिथे दमडी देणार नाही, असं बजावून शेठ निघाले. उरलेले श्रीखंडाच्या पंगतीकडे वळले. फसवणूक पचली, जेवण वाया जायला नको.

भाग्यश्रीने तांब्यातून यंत्र काढलं, पदराने पुसलं, चालू करून पाहिलं. ते मेलं होतं. तिने ते जयापुढे धरलं, पण जयाने हात पुढे केला नाही.

"घटकाभर ऐकू येत हुतं माज्या पोरीला," जया म्हणाली. "तुमीच परत बहिरी केली."

भाग्यश्रीने यंत्र पदरात बांधलं. पण वाचकहो, तुम्हाला तरी ऐकू येतंय ना? मग ऐका. चमत्कार दाखवणाऱ्याच्या हातांकडे सगळेच बघतात, तुम्ही त्याचे पाय बघा. पोरीला फरशीवर उभं करून बघा. एवढं करायला डिग्री लागत नाही. आणि दान करायचं असेल तर कानयंत्राला करा, टाळीला नको.

वैष्णवी अजून मंचावरच होती. पंगतीकडे तोंड करून ती टाच आपटत होती, कोण वळतं ते बघत. कोणी वळलं नाही.