हीटर कोणी लावला

विमलताईंना गोळीशिवाय पहिली झोप लागली ती लातूरच्या व्यसनमुक्ती केंद्रात, सातव्या आठवड्यात. चार वर्षांपूर्वी मणक्याचं ऑपरेशन झालं, तेव्हा डॉक्टरांनी दुखण्यासाठी महिनाभराच्या गोळ्या दिल्या होत्या. महिना संपला, दुखणं ओसरलं, पण गोळी सुटली नाही. नांदेडातली मेडिकल दुकानं त्यांना पाठ झाली. एका दुकानात बहिणीसाठी म्हणून मागायची, दुसऱ्यात जुनी चिठ्ठी पुढं करायची. आयुष्यभर शाळेत भूगोल शिकवलेल्या बाईवर कोण संशय घेणार?

लेक मनस्विनी लातूरलाच कॉलेजात शिकवायची. तिनंच आईला केंद्रात ठेवलं. भेटायला यायची तेव्हा सुरुवातीला नुसती समोर बसून मोबाईल बघायची. मग हळूहळू धपाटे आणू लागली, आईच्या केसांना तेल लावू लागली. घरी सोडायच्या दिवशी म्हणाली, "दिवाळीला रेवाला घेऊन येते. चार दिवस राहू."

रेवा म्हणजे मनस्विनीची पाच वर्षांची मुलगी. दोन वर्षांपूर्वी ती आजोळी असतानाच भाजली होती, आणि तेव्हापासून नांदेडला आलेली नव्हती.

विमलताई "ये" म्हणाल्या खऱ्या, पण तो दिवस त्यांच्या डोळ्यांपुढून हलेना.

त्या दिवशी बाथरूममध्ये बादलीत हीटर लावलेला होता. पाणी उकळलं होतं, आणि पोरीनं बादली ओढली. उजवा हात अन् छाती पोळली. लातूरहून मनस्विनी धावत आली, तेव्हा विमलताईंनी सांगितलं, "चतुराबाईनं हीटर लावला आणि कपडे वाळत घालायला गच्चीवर निघून गेली." चतुराबाई त्यांच्याकडं अकरा वर्षं धुणीभांडी करत होती. "म्या न्हाई लावला, ताई," एवढंच ती म्हणत राहिली. मनस्विनीनं दवाखान्याच्या व्हरांड्यात सगळ्यांदेखत तिला नाही नाही ते बोलून हाकललं. गल्लीतल्या बाकीच्या घरांनीही आठवडाभरात तिचं काम बंद केलं.

हीटर विमलताईंनी लावला होता. मग दोन गोळ्या घेऊन त्या दिवाणावर पडल्या. रेवाची किंकाळी चतुराबाईला गच्चीवर ऐकू आली, शेजारच्या खोलीतल्या विमलताईंना आली नाही. चतुराबाईनंच पोरीला नळाखाली धरलं आणि तशीच उचलून रिक्षापर्यंत धावली.

माधवराव, म्हणजे विमलताईंचे यजमान, त्या वेळी बाजारात गेले होते. घरी आल्यावर त्यांनी दिवाणाखालचं गोळ्यांचं रिकामं पाकीट उचलून खिशात घातलं. त्यावर दोघं कधी बोलले नव्हते.

दिवाळी तीन आठवड्यांवर आली तशा विमलताई म्हणाल्या, "अहो, मनूला खरं सांगायला हवं."

"पोरगी आता कुठं जवळ येऊन राहिली विमल. सांगून कुणाचं भलं होणार?"

"चतुराबाईचं."

"तिला मिळालं असेल की दुसरीकडं काम."

"तुम्ही बघून आलात?"

माधवराव उठून अंगणात गेले.

दुसऱ्या दिवशी विमलताई एकट्याच एसटीनं लातूरला गेल्या. मनस्विनी स्वयंपाकघरात चकल्यांची भाजणी चाळत होती. आईला बघून तिचा चेहरा फुलला. "अगं, फोन तरी करायचा! रेवा शेजारी खेळायला गेलीय, बोलावते."

"थांब. आधी मला बोलू दे."

विमलताईंनी उभ्या उभ्याच सगळं सांगितलं. मनस्विनीच्या हातातली चाळणी कधीच थांबली होती.

"मी त्या बाईला म्हणाले होते, तुझं नातवंड भाजलं असतं म्हणजे कळलं असतं," ती सावकाश म्हणाली. "तू माझ्याशेजारी उभी होतीस."

"हो."

"काय करत होतीस गं तेव्हा?"

"तुझ्या पाठीवरून हात फिरवत होते."

मनस्विनी खाली फरशीवर बसली. "गोळ्यांचं मी समजून घेतलं, आई. आजार आहे म्हणून घेतलं. हे कशात बसवू?" थोड्या वेळानं तिनं विचारलं, "बाबांना माहीत होतं?"

विमलताईंनी नजर फरशीकडं वळवली. तेवढ्यानं तिला कळलं.

"रेवा यायच्या आत जा तू."

स्टँडसमोर मेडिकलचं दुकान होतं. गोळीचं नाव जिभेवर आलं. बस लागेपर्यंत विमलताई त्या दुकानाकडं पाठ करून उभ्या राहिल्या.

दिवाळी आली. पणत्या लावल्या, माधवरावांनी आकाशकंदील टांगला. लेक आली नाही, तिचा फोनही आला नाही.

तुळशीचं लग्न झाल्यावर विमलताईंनी चतुराबाईचा पत्ता काढला. शहराबाहेर विष्णुपुरीकडं एका खानावळीत ती भाकऱ्या थापत होती. त्यांना बघून तिनं हात थांबवला नाही.

"मनूताई येऊन गेल्या," ती म्हणाली. "भाऊबीजेच्या दुसऱ्या दिशी. पोरीला घिऊन आल्त्या."

म्हणजे मनू नांदेडात आली होती. नांदेडात येऊन घरी न येता परत गेली होती.

"माझ्या पाया पडून राहिल्या. लई रडल्या. म्या म्हणलं, उठा ताई, तुमाला काय ठाव व्हतं?"

"मीही त्याचसाठी आलेय, चतुराबाई." विमलताई वाकायला गेल्या तशी चतुराबाई पाय मागं घेऊन सरकली.

"तुमी नका पडू. त्यांना ठाव न्हवतं. तुमाला ठाव व्हतं."

तव्यावरची भाकरी तिनं उलटली. मग दुसरी थापायला घेतली.

"रेवा कशी दिसते आता?" शेवटी विमलताईंनी विचारलं.

"उंच झाली. हाताला डाग हाय, पन हात चालतो." चतुराबाईचा आवाज किंचित उतरला. "म्या म्हणलं, वळखलं का मला? न्हाई म्हणली. बरंच झालं. तिला त्यातलं कायबी याद न्हाई."

पुढच्या महिन्यात एका दुपारी मनस्विनीचा फोन आला. विमलताई भाजी निवडत होत्या. हात पुसून त्यांनी फोन उचलला.

"घेतलीस का एखादी गोळी?"

"नाही. एकही नाही."

"घेऊ नकोस," मनस्विनी म्हणाली आणि फोन बंद झाला.

"काय म्हणाली?" माधवरावांनी दारातूनच विचारलं. "येते म्हणाली का?"

विमलताईंनी नकारार्थी मान हलवली आणि मेथीची जुडी पुन्हा पुढ्यात ओढली.