पोचट डोंगळे

सोनईत कांद्याचं बी घ्यावं तर राहीबाईकडून, हा लौकिक तिच्या सासूपासूनचा. "माझं बी बुडू देऊ नका गं," एवढंच म्हातारी मरताना बोलली होती. आणि कालव्याचं पाणी आल्यापासून लोक निघाले धाकट्या जावेकडं! गोजरा, जी काल हिच्या हाताखाली डोंगळे, म्हणजे बियाण्याचे कांदे, लावायला शिकली, ती गोजरा!

राहीबाईच्या अंगाचा तिळपापड झाला. बी एकच, मग हिचे डोंगळे पोचट आणि तिचे काळ्याभोर दाण्यांनी भरलेले कसे? ओढ्याकाठचं रान दोघा भावांत वाटलेलं. राहीबाईच्या नवऱ्यानं कालव्याचं पाणी येताच आपला वाटा तोडून ऊस लावला होता. गोजराच्या वाट्यात बोरी, करवंदी, चिल्हारीची जाळी तशीच उभी होती, आत म्हसोबाचा शेंदरी दगड.

फुलोऱ्याच्या दिवसांत ती चोरपावलांनी जावेच्या वाफ्यांत शिरली. पांढऱ्या गोंड्यांवर मधमाशांची ही झुंबड! एक कानाला अशी डसली की बाई बोंबलत पळाली. सुजलेला कान पदराखाली झाकताना तिला उमगलं: ही सगळी करणी त्या रानातल्या म्हसोबाची. मेला तिलाच देतो!

तिनं सहादेवला, धाकट्या दिराला, जेवायला बोलावलं.

"भावजी, पाटाचं पानी दारात आलं, अन् तुमी काटं राखत बसा. लोकं हसत्यात."

वहिनीचा शब्द त्याला आईसारखा. आठवड्यात रान तुटलं, पेटलं. गोजरा रडली. राहीबाईनं तिचे डोळे पुसले, आणि त्या रात्री तिला भाकरी लई गोड लागली.

दुसऱ्या साली बी झोडायच्या वेळी ती मुद्दाम बघायला गेली. गोजराचे डोंगळे चोळले, तर नुसता भुसा! जीव कसा गार झाला. बसली की नाही आता माझ्याच पंगतीला!

मागास, उशिरा फुललेले गोंडे अजून पांढरे होते. ती त्यांच्यात उभी राहिली, पदर खांद्यावर पडलेला, कान उघडा. एक माशी घोंगावली नाही. राहीबाईचा हात आपोआप कानाकडं गेला. माशा त्या जाळीतच राहत होत्या!

"आक्का," गोजरा म्हणाली, "औंदा माझं सारं गेलं. तुमी थोरल्या, तुमी राखलं आसंल. मूठभर द्या. आत्याबाईंचं बी तेवढं बुडाया नको."

राहीबाईनं पदर पुन्हा कानावर ओढला.

"माझं बियाचं मडकं कवाच मोकळं झालंय गं," ती म्हणाली. "मला वाटलं, तुझ्याकडं हाय."